वंशभेद व्यवस्थेत कसा राहतो: ‘द कलर ऑफ लॉ’चे टीकात्मक वाचन

‘रेसिझम’ला मराठीत आपण सहसा ‘वर्णद्वेष’ म्हणतो. वर्तमानपत्रांत हाच शब्द येतो, क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षकांनी खेळाडूला शिवीगाळ केली की हाच शब्द येतो, आणि उत्तरपत्रिकांतही हाच. शब्द रुळलेला आहे, पण तो आपला विचार एकाच बाजूला नेतो. द्वेष ही मनातली गोष्ट. त्यामुळे वर्णद्वेष म्हटले की आपण द्वेष करणारा माणूस शोधू लागतो. तो सापडला, त्याला शिक्षा झाली किंवा त्याने माफी मागितली, की प्रकरण मिटले. असा माणूस सापडलाच नाही, तर वर्णद्वेष नव्हताच असे ठरवून आपण मोकळे होतो. या टिपणात मी मुद्दाम ‘वंशभेद’ हा शब्द वापरणार आहे. भेद कागदावरही करता येतो. तो करणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. अनेकदा त्याला फक्त आपले काम वेळेत आणि नियमाप्रमाणे उरकायचे असते.

कागदावरचा हा भेद कसा दिसतो हे पाहण्यासाठी आपण एक पुस्तक घेऊ: रिचर्ड रॉथस्टीन यांचे ‘द कलर ऑफ लॉ’, प्रकाशन २०१७. अमेरिकेतील शहरांत गोरे आणि कृष्णवर्णीय लोक वेगवेगळ्या वस्त्यांत का राहतात, हा त्याचा विषय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी हे पुस्तक वाचायला सांगते त्याचे कारण साधे आहे. वंशभेदावरच्या पुस्तकांत भाषणे, मोर्चे आणि खटले असतातच. या पुस्तकात त्यांच्या जोडीला मूल्यांकनाचे निकष, रस्त्यांची आखणी, सांडपाण्याची जोडणी आणि एक भिंतही आहे. म्हणजे उद्या तुमच्या टेबलावरून जाणाऱ्या गोष्टी. मात्र पुस्तक मला जसेच्या तसे मान्य नाही. त्याचे बळ कुठे आहे आणि ते कुठे घसरते, हे दोन्ही आपण पाहू.

पुस्तकाचा दावा

२००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सिएटल आणि लुइव्हिल या शहरांतील शाळांचे प्रकरण आले. शाळांत मुलांची सरमिसळ व्हावी म्हणून प्रवेश देताना वंशाचाही विचार करणाऱ्या योजना तिथे होत्या. न्यायालयाने त्या रद्द केल्या. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या युक्तिवादाचा एक धागा असा होता, की वस्त्या लोकांच्या खासगी निवडीमुळे वेगळ्या झाल्या असतील, सरकारने त्या तशा केल्या नसतील, तर राज्यघटनेत त्यावर इलाज नाही. रॉथस्टीन यांचे अख्खे पुस्तक म्हणजे या एका युक्तिवादाला दिलेले उत्तर आहे. वस्त्या आपोआप वेगळ्या झालेल्या नाहीत. केंद्र, राज्ये आणि नगरपालिका यांनी कायदे, नियम आणि सरकारी पैसा वापरून त्या वेगळ्या केल्या, आणि म्हणून दुरुस्तीची जबाबदारीही सरकारवर येते, असे ते म्हणतात.

हे ध्यानात ठेवून वाचा, कारण पुस्तकाची मांडणी वकिलाने दाखल केलेल्या दाव्यासारखी आहे. पुराव्यामागून पुरावा येतो आणि प्रतिवादी एकच असतो: सरकार. या मांडणीचा फायदा मोठा आहे, तोटाही आहे. आधी फायदा पाहू.

हप्ता, विमा आणि नियमपुस्तिका

पुस्तकाचा गाभा गृहकर्जात आहे. महामंदीच्या आधी अमेरिकेत मध्यमवर्गाला घर घेणे फार अवघड होते. बँक साधारण निम्मी रक्कम आधीच मागे. उरलेल्या कर्जाची मुदत पाच-सात वर्षांची असे, आणि तेवढ्या काळात हप्त्यातून फक्त व्याज जाई. मुद्दल शेवटी एकदम. मंदीत ही रचना कोसळली. १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात एफएचए, स्थापन झाले. एफएचए स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाचा ते विमा उतरवी. कर्जदाराने कर्ज बुडवले तर बँकेचे नुकसान भरून देई. त्या बळावर बँका घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षांच्या मुदतीने कर्ज देऊ लागल्या, आणि प्रत्येक हप्त्यात व्याजाबरोबर थोडे मुद्दलही फिटू लागले. तुमच्या घरात आज गृहकर्जाचा ‘ईएमआय’ जात असेल, तर त्याची रचना अशीच आहे.

विमा उतरवायचा तर जोखीम मोजावी लागते. त्यासाठी घर पाहायला व्हॅल्युअर जाई आणि त्याच्या हाती एफएचएची नियमपुस्तिका असे. बांधकाम, रस्ता, शाळा, वाहतुकीची सोय अशा गोष्टींबरोबर वस्तीत कोणत्या वंशाचे लोक राहतात हेही त्या पुस्तिकेत जोखमीचे माप होते. वस्तीत ‘विसंगत’ वंशाचे लोक येण्याची शक्यता असेल तर गुण कमी. हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकणार नाही अशी अट खरेदीखतात असेल तर चांगले. दोन वस्त्यांच्या मधे एखादा नैसर्गिक किंवा बांधलेला अडथळा असेल तर तोही संरक्षण म्हणून जमेस धरला जाई.

इथे जरा थांबा. हा व्हॅल्युअर वाईट माणूस असण्याची काहीच गरज नाही. तो तक्ता भरतो. त्याच्या जागी कृष्णवर्णीयांबद्दल आस्था असलेला माणूस बसवला तरी तक्ता तेच उत्तर देईल, आणि त्याने मनाने वेगळे उत्तर लिहिले तर वरचा तपासनीस कागद परत पाठवील. भेद पुस्तिकेत आहे, आणि माणसे बदलली तरी पुस्तिका तीच राहते.

डेट्रॉइटमधील एक उदाहरण मला या पुस्तकातले सर्वांत बोलके वाटते. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, त्यामुळे एफएचए विमा द्यायला तयार नव्हते. तेव्हा १९४१ साली त्याने दोन्ही वस्त्यांच्या मधे काँक्रीटची भिंत बांधली: सहा फूट उंच, एक फूट जाड, सुमारे अर्धा मैल लांब. मग विमा मंजूर झाला. भिंत आजही उभी आहे. तिच्या एका भागावर आता चित्रे रंगवलेली आहेत. संरचना म्हणून तिच्यात शिकवण्यासारखे काही नाही. सहा फुटांची भिंत कुणीही धडधाकट पोरगा ओलांडून जाईल. माणसे अडवण्याचे काम तिला दिलेलेच नव्हते. ती तक्त्याच्या एका रकान्यातले उत्तर बदलण्यासाठी बांधलेली होती.

युद्धानंतर हेच मोठ्या प्रमाणावर झाले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहू लागले: एकाच साच्यातली १७,००० हून अधिक घरे, प्रत्येकाची किंमत ८,००० डॉलरच्या आसपास. झटपट, स्वस्त आणि मोठ्या संख्येच्या गृहबांधणीचा नमुना म्हणून त्याचे नाव अजूनही घेतले जाते. युद्धावरून आलेल्या सैनिकांना तिथे डाउन पेमेंटही भरावे लागत नसे. अट एकच: घरे गोऱ्यांनाच. प्रकल्पाचे कर्ज सरकारी हमीवर उभे होते आणि सरकारला ही अट हवीच होती. लेव्हिटटाउनला बांधकामाचे साहित्य पोचवणाऱ्या एका कृष्णवर्णीय ट्रकमालकाची हकिकत रॉथस्टीन सांगतात. त्याच्या पुतण्याने युद्धात नौदलात नोकरी केली होती. ज्या वसाहतीला काकाचे ट्रक माल पुरवत होते, तिथे त्याला घर नाकारले गेले. शेवटी त्याने जवळच्याच, जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय असलेल्या उपनगरात घर घेतले; तेही हातचे पैसे भरून आणि विमा नसलेल्या, महाग कर्जावर.

आता हा फरक पुढच्या पिढ्यांपर्यंत मोजा. लेव्हिटटाउनच्या त्या घरांची किंमत आज काही लाख डॉलर आहे. ज्याला घर मिळाले त्याच्या मुलांच्या कॉलेजची फी त्या घरावर निघाली, आजारपण निघाले, आणि मरताना घर मुलांच्या नावावर झाले. २०१६ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे १ लाख ७१ हजार डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे १७ हजार ६००. उत्पन्नातली तफावत एवढी मोठी नाही. कृष्णवर्णीयांचे उत्पन्न गोऱ्यांच्या साधारण ६० टक्के आहे. दहापट फरक संपत्तीत आहे, आणि अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घरात असते. पगार या महिन्याचा असतो. संपत्तीत मात्र एफएचएची नियमपुस्तिका अजून साठलेली आहे.

निकष कुठून आला?

इथपर्यंत मी रॉथस्टीन यांच्याबरोबर आहे. माझी पहिली तक्रार अशी, की प्रतिवादी सरकारच आहे असे ठरवल्यामुळे सरकारच्या हाती ही पुस्तिका आली कुठून, हा प्रश्न त्यांच्या कथनात मागे पडतो. आपल्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ती वाट विद्यापीठातून आणि व्यावसायिक संघटनेतून जाते.

१९२४ साली अमेरिकेतील घर-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम आले: ज्या वंशाच्या माणसाच्या येण्याने वस्तीतील किमतींना बाधा येईल, अशा माणसाला दलालाने त्या वस्तीत आणू नये. आचारसंहिता! व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला तुम्ही हा शब्द किती वेळा लिहिता ते आठवा. १९३२ साली फ्रेडरिक बॅबकॉक यांचे स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनावरचे पुस्तक आले. पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठात होमर हॉइट यांनी शिकागोच्या शंभर वर्षांच्या जमीन-किमतींवर प्रबंध लिहिला. कोणत्या वंशाचे आणि देशाचे लोक आल्यावर किंमत कशी राहते, याची एक उतरंड त्या प्रबंधात आहे: वर इंग्रज, जर्मन, स्कॉट, आयरिश, स्कॅन्डिनेव्हियन; तळाशी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. आणि हे नीट वाचा: ही उतरंड शास्त्रीयदृष्ट्या चूक असू शकते, ती बाजारातले मत किंवा पूर्वग्रह टिपते, अशी नोंद हॉइट यांनी स्वतःच करून ठेवली होती. एफएचए स्थापन झाल्यावर बॅबकॉक तिथे विमा-मूल्यांकनाचे प्रमुख झाले आणि हॉइट गृहनिर्माणाचे अर्थतज्ज्ञ.

म्हणजे प्रबंधात जे मोजमाप होते ते पुस्तिकेत निकष झाले. लोक पूर्वग्रहाने कमी किंमत देतात, हे निरीक्षण. म्हणून आपणही कमी किंमत धरायची, हा नियम. दोन्हींत एका वाक्याचे अंतर आहे, आणि हॉइट यांनी घातलेली सावधगिरीची ओळ त्याच अंतरात गळून पडली. मग यंत्रणा सुरू झाली. गुण कमी म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून घर दुरुस्त होत नाही आणि घेणाराही मिळत नाही, त्यामुळे किंमत पडते. पुढच्या वेळी आलेला व्हॅल्युअर पडलेली किंमत पाहतो आणि पुस्तिका बरोबर होती असे प्रामाणिकपणे लिहितो. नियंत्रण प्रणालीच्या पेपरात तुम्ही फीडबॅक लूपच्या आकृत्या काढता. हा तसाच एक लूप आहे. फरक इतकाच, की त्याचे आउटपुट स्वतंत्र पुरावा म्हणून सादर होत होते.

गृहीतक तपासणे अशक्य नव्हते. लुइगी लॉरेंटी यांनी अनेक शहरांतील घरविक्रीचे आकडे पाहून १९६० साली दाखवले, की गोऱ्यांच्या वस्तीत इतर वंशाचे लोक आल्यावर किमती पडतातच हा समज आकड्यांत टिकत नाही. बहुतेक ठिकाणी त्या स्थिर राहिल्या किंवा वाढल्या. तोपर्यंत नियमपुस्तिकेला २५ वर्षे झाली होती.

आवडीचा प्रश्न

हा विषय वर्गात आला की एक प्रश्न हमखास येतो: “पण मॅडम, माणसांना आपल्यासारख्यांत राहायला आवडतंच ना?” प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा संगणक शाखेचा असतो आणि त्याने थॉमस शेलिंग यांचे १९७१ चे प्रारूप प्रोग्राम करून पाहिलेले असते. बुद्धिबळासारखा पट, दोन रंगांच्या सोंगट्या. प्रत्येक सोंगटीची मागणी माफक: शेजाऱ्यांपैकी थोडेतरी आपल्या रंगाचे असावेत. ज्या सोंगटीचे समाधान होत नाही ती रिकाम्या घरात जाते. काही फेऱ्यांत पट दोन रंगांत जवळजवळ विभागला जातो, आणि तसे व्हावे अशी इच्छा कुणाचीच नव्हती. प्रारूप सुंदर आहे, आणि रॉथस्टीन यांच्या टीकाकारांच्या हातातले सर्वांत चांगले हत्यारही तेच आहे.

पण त्या पटावर काय काय नाही ते पाहा. बँक नाही. खरेदीखत नाही. भिंत नाही. कोणतीही सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात जाऊ शकते आणि त्याला पैसे पडत नाहीत. लाँग आयलंडवरच्या त्या नौसैनिकाला हे लागू होते का? विभागणी अशा रीतीनेही होऊ शकते, एवढेच प्रारूप सांगते. डेट्रॉइटमध्ये ती प्रत्यक्षात कशी झाली, हे सांगायला कागदपत्रेच लागतात. आवड पुरेशी असती तर भिंतीवर पैसे घालवण्याची त्या बिल्डरला काय गरज होती? या प्रश्नावर रॉथस्टीन निर्विवाद जिंकतात.

लाल रंगाच्या नकाशाबद्दल सावध राहा

दुसरी तक्रार पुराव्याच्या क्रमाची आहे. या विषयावर तुम्ही काहीही शोधले तरी आधी रंगीत नकाशे दिसतील. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन, म्हणजे एचओएलसी, या दुसऱ्या सरकारी संस्थेने २०० हून अधिक शहरांचे नकाशे केले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. ‘रेडलायनिंग’ हा शब्द याच लाल रंगाशी जोडला जातो. हा नकाशा आणि कर्जाची नाकारणी यांचा संबंध रॉथस्टीन फार सरळ लावतात, आणि पुस्तकाच्या वाचकांनी तो त्याहून सरळ केला: लाल रंग दिला, म्हणून कर्ज थांबले.

तारखा लावून पाहा. एचओएलसीने बुडीत चाललेली सुमारे दहा लाख गृहकर्जे आपल्याकडे घेतली, ती बहुतांशी १९३३ ते १९३५ या काळात. नकाशे झाले १९३५ ते १९४० मध्ये. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. इतिहासकार एमी हिलियर यांनी फिलाडेल्फियाच्या अभ्यासातून, आणि अलीकडे अर्थतज्ज्ञ प्राइस फिशबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कर्जनोंदी तपासून दाखवले, की एचओएलसीने कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जे दिली होती, तीही पुढे लाल ठरलेल्या वस्त्यांत. लाल भागांत बहुसंख्य रहिवासी गोरेच होते, हेही खरे. शहरांच्या मधल्या जुन्या वस्त्या टाळण्याचे धोरण एफएचएचे होते आणि ते नकाशे येण्याआधीपासून चालू होते.

याने वंशभेद कमी ठरतो का? मुळीच नाही. कृष्णवर्णीयांच्या जवळजवळ सगळ्या वस्त्या लाल रंगात गेल्या होत्या. पण दोष कुठे होता ते बदलते. नकाशा डोळ्यात भरतो, पडद्यावर छान दिसतो, म्हणून त्याला खलनायक करणे सोपे जाते. खरे काम एफएचएच्या कंटाळवाण्या पुस्तिकेने केले, जिचे चित्र काढता येत नाही. एखादा पूल कोसळला की आपण मोडलेल्या तुळईचा फोटो छापतो. तपास समितीला मात्र आधी तपशीलपत्र वाचावे लागते.

मिलपिटासचे सांडपाणी

व्यवस्थेचा दोष व्यवस्थेत कसा पसरलेला असतो, हे कळण्यासाठी पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर रिचमंड नावाचे गाव आहे. तिथे फोर्डचा मोटार कारखाना होता आणि त्यात कृष्णवर्णीय कामगारही होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कारखाना सुमारे ५० मैलांवरच्या मिलपिटासला हलवण्यात आला. कामगार संघटनेने सर्वांच्या नोकऱ्या नव्या जागी टिकवल्या. राहायचे कुठे, हा प्रश्न उरला. मिलपिटासने नगरपालिका स्थापन करून अपार्टमेंट बांधण्यावर बंदी घातली. फक्त स्वतंत्र घरे. मिश्र वस्तीला बँका कर्ज देईनात. मोठ्या खटपटीने एक वित्तसंस्था तयार झाली आणि जागा मिळाली, तेव्हा त्या जागेचा झोन निवासीऐवजी औद्योगिक झाला. दुसऱ्या ठिकाणी प्लॉटचे किमान क्षेत्रफळ ६,००० चौरस फुटांवरून ८,००० वर नेले गेले, म्हणजे घर कामगाराच्या आवाक्याबाहेर. आणखी एका जागी सांडपाण्याच्या जोडणीचे शुल्क दहापटीहून जास्त वाढवले. शेवटी मिश्र वस्ती झाली, पण तोवर खर्च चढला होता. अनेक कामगारांनी रिचमंडहूनच गाडी भागीत घेऊन ये-जा सुरू केली होती. जाताना तासाभराहून जास्त, येताना तेवढाच.

यातला कोणताही एक अधिकारी समोर आणून उभा करा. झोन बदलणारा उद्योगांची गरज सांगेल. प्लॉटचा आकार वाढवणारा दाटी टाळायची होती म्हणेल. ड्रेनेजवाला प्रक्रिया केंद्राची क्षमता दाखवील, आणि त्याच्याकडे आकडेमोडही असेल. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे तांत्रिक आहे. आपण सुरक्षेसाठी यंत्रणेत पर्यायी मार्ग ठेवतो, एक भाग निकामी झाला तरी काम चालू राहावे म्हणून. इथे तशीच रचना घडलेली दिसते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने खरेदीखतांतल्या वांशिक अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी बंद केली, तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेद बेकायदा ठरवला, तोवर घरे महाग झाली होती. एक झडप बंद केली की पाणी दुसऱ्या नळीने जाई. सरकार हा एकच प्रतिवादी धरणाऱ्या मांडणीत हे पूर्ण मावत नाही. रॉथस्टीन यांचेच पहिले प्रकरण त्यांच्या युक्तिवादापेक्षा मोठे आहे.

मिलपिटास आज सिलिकॉन व्हॅलीत येते. तिथे भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरेही आहेत. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर आपली माणसे तिथे जाऊ लागली तेव्हा कोणाचे घर कुठे असेल हे बरेचसे ठरून गेले होते. त्यांनी कुणाशी भेद केला असे मी म्हणत नाही. कोऱ्या जमिनीवर मात्र कुणीच घर घेतलेले नाही.

विसरला कुणी?

पुस्तकाच्या उपशीर्षकात या इतिहासाला ‘विसरलेला’ म्हटले आहे. तिसरी तक्रार त्यावर. डू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास १८९९ साली छापला होता. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन यांचा शिकागोवरचा ग्रंथ १९४५ चा. रॉबर्ट वीव्हर यांनी १९४८ साली याच विषयावर पुस्तक लिहिले, आणि पुढे ते अमेरिकेचे पहिले गृहनिर्माणमंत्री झाले. लॉरेन हॅन्सबेरी यांच्या वडिलांचा शिकागोतील घराचा खटला १९४० साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५९ साली त्यांचे याच अनुभवातून आलेले नाटक ब्रॉडवेवर झाले. ज्यांना घर नाकारले गेले ते काही विसरले नव्हते. विसरले ते ज्यांना घर मिळाले. हे सर्व लेखक कृष्णवर्णीय होते, आणि एका गोऱ्या लेखकाने तेच सरकारी कागदांतून सिद्ध केल्यावर ते ‘उजेडात’ आले, यातही व्यवस्थेचा एक भाग दिसतो.

मराठी वाचकाला ही कागद वाचण्याची रीत नवी वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केले. चारच वर्षांनी दक्षिणेकडील राज्यांतून केंद्राचे शेवटचे सैन्य काढून घेतले गेले आणि तिथे भेदाचे कायदे परतू लागले. पण मला इथे फुल्यांचे दुसरे पुस्तक जास्त जवळचे वाटते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या हालांची कारणे शोधताना ते कुळकर्ण्याच्या दप्तरात आणि कचेरीतल्या कारकुनाच्या टेबलापर्यंत जातात. जात आणि वंश एकच की वेगळे, हा वाद इथे सोडवायचा नाही. पण अन्याय शोधायचा तर दप्तर उघडा, ही पद्धत फुल्यांची आहे.

रकाना काढून टाकल्यावर

अमेरिकेत आता कर्ज देताना वंश विचारात घेणे कायद्याने बंद आहे. त्यामुळे आजच्या कर्ज-मॉडेलमध्ये वंशाचा रकाना नसतो. पिनकोडसारखा झिप कोड मात्र असू शकतो, कर्जफेडीचा जुना इतिहास असतो, घराची मूल्यांकित किंमत असते, डाउन पेमेंटची रक्कम असते. आता लेव्हिटटाउनकडे परत जा आणि बघा, यातला कोणता आकडा १९४७ च्या अटीपासून मोकळा आहे. तुमच्यापैकी काही जण पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत बसून अमेरिकन बँकांसाठी अशीच मॉडेले लिहिणार आहात. अचूकता वाढते म्हणून एखादे व्हेरिएबल ठेवायचे की नाही, हा प्रश्न मीटिंगमध्ये दोन मिनिटांत निघून जाईल. हॉइट यांनी निदान एक सावधगिरीची ओळ लिहिली होती. तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती असेल का, आणि असली तर पुढचा माणूस ती काढून टाकणार नाही याची सोय तुम्ही काय कराल?

सरावासाठी व्हर्जिनियातील रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या संकेतस्थळावर जा (हे रिचमंड वेगळे, कारखान्याचे नव्हे). एचओएलसीचे नकाशे तिथे आहेत, पण रंगांकडे पाहत बसू नका. एखाद्या भागावर क्लिक करून त्याचा वर्णन-फॉर्म उघडा. घरांचा प्रकार, वय, दुरुस्तीची अवस्था हे रकाने तुम्हाला ओळखीचे वाटतील. त्यांच्याच शेजारी रहिवाशांचे रकाने आहेत: उत्पन्न, परदेशात जन्मलेले किती, कृष्णवर्णीय आहेत का, आणि मग ‘इन्फिल्ट्रेशन’, म्हणजे वस्तीत कुणाचा शिरकाव होतो आहे. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना हा शब्द जलशास्त्रातून माहीत आहे; जमिनीत पाणी मुरण्याला आपण तो वापरतो. फॉर्म भरणाऱ्याने त्या रकान्यापुढे काय लिहिले आहे ते वाचा, आणि फॉर्म छापणाऱ्याने तो रकाना छापला तेव्हा उत्तर आधीच कितपत ठरले होते, यावर एक पान लिहून आणा.